बिननावाचा रस्ता

खडकी, अकोला
२८ जुलै २०२४

प्रिय धम्मदीप,
सप्रेम जयभीम.

मामाचं तुझ्याकडे काम आहे एवढं तुझ्या मामीनं फोनवर सांगितलं असेल. काम काय, हे तिले सांगता आलं नसणार, म्हणून मीच लिहून राहिलो. माझे कान तर आता दोन्ही गेले. मशीन लावलं की शिट्ट्या ऐकू येतात, माणसं नाही. घरात कोणाले मले काही सांगायचं असलं तर वहीवर लिहून दाखवतात. मोबाइलवरचे दोन-दोन शब्दांचे तुकडे मले वाचवत नाहीत. तेव्हा तू पण कागदावरच उत्तर दे अन् अक्षर मोठं काढजो.

लॅबमधून रिटायर झाल्यापासून मी सिकलसेलचं हे रक्तमित्र मंडळ धरून बसलो आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या की लेकरू कसं कळवळते, हे तू आमच्याकडे राहत होतास तेव्हा शेजारच्या घरात पाहिलं आहे. आता मंडळाच्या खोलीत एक कम्प्युटर आहे. पॉलिटेक्निकच्या पोरींनी त्यावर तीन वर्षांत तीन गोष्टी बनवून दिल्या. एक रक्तदात्यांची यादी, एक शिबिरांचं वेळापत्रक, अन् तिसरी आमची नोंदवही. शिबिरात ज्याची-ज्याची चाचणी झाली त्याचं नाव अन् निकाल त्या वहीत राहते.

भानगड पत्त्यांची आहे. पहिल्या दोन्हींचे पत्ते म्हणजे नुसते आकडे, मधात टिंबं, शेवटी दोन टिंबं अन् पुन्हा चार आकडे. गेल्या महिन्यात मूर्तिजापूरकडची संध्या लेकराले घेऊन अकोल्याच्या वॉर्डात होती. रक्त पाहिजे होतं. चिठ्ठीवरचा शेवटचा एक आकडा तिनं चुकीचा वाचला अन् दात्यांच्या यादीऐवजी शिबिरांच्या तारखा उघडल्या. तिले वाटलं, हेच आहे, याच्यापुढं काही नाही. दोन तास ती तशीच बसली. नर्सबाईनं माणूस धाडला तेव्हा मले कळलं. लेकरू बरं आहे, पण ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

लोकांले लक्षात राहील असा पत्ता करता येते का? आकडा नको, शब्द पाहिजे. नोंदवही सध्या खोलीच्या बाहेर दिसतच नाही, पण गावोगावच्या शिबिरातून आपल्या माणसांले तीत लिहिता आलं तर बरं होईल.

आपल्या पोरीचं, शालूचं, मूर्तिजापूरच्या अश्विनशी जमलं आहे. साक्षगंध ऑक्टोबरच्या वीस तारखेले, अंगठ्या त्याच दिवशी. तू यायचंच आहे.

तुझा मामा,
देवमन


फ्रेजरपुरा, अमरावती
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. तुम्ही मला काम सांगितलंत याचाच आनंद इतका झाला की पाकीट ऑफिसातच फोडून वाचलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तुमच्या घरी राहिलो, तुमच्या टेबलावर अभ्यास केला. तुम्ही लॅबमधून थकून यायचे आणि टेबल मला देऊन स्वतः ओट्यावर बसायचे. त्या दोन वर्षांमुळे मी आज कॉलेजचे सर्व्हर सांभाळतो. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

तुम्हाला हवं ते होतं. त्याला आमच्यात रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. दवाखान्यात चिठ्ठीची खिडकी असते तसं समजा. पेशंटला खोली नंबर माहीत असावा लागत नाही. तो खिडकीवर सांगतो, हाडाचं दाखवायचं आहे. आतला माणूस त्याचा कागद बरोबर त्या खोलीत पोचवतो आणि उत्तर त्याच खिडकीतून परत देतो. आपण मंडळाचं एक नाव घेऊ. त्याच्या पुढे एकेक शब्द लागेल: दाते, शिबिर, नोंद. याला सबडोमेन म्हणतात. तिन्ही शब्द तुमच्या त्याच कम्प्युटरवर येतील, आणि दारातला प्रोग्राम शब्द पाहून ज्याला त्याला योग्य जागी धाडेल. ते चार आकडे कुणाला दिसणारही नाहीत.

नोंदवहीला मात्र दारातच कुलूप लावावं लागेल. पासवर्ड दिल्याशिवाय ती उघडता कामा नये. तो फक्त शिबिरात लिहिणाऱ्या तुमच्या माणसांना द्या.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून न बदलणारा पत्ता मिळाला आहे का, तेवढं विचारून ठेवा. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. मामींना सांगा, आलू-वांग्याची भाजी करा, बाकी काही नको.

तुमचा भाचा,
धम्मदीप


खडकी, अकोला
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय धम्मदीप,
सप्रेम जयभीम.

तू रविवारी दिवसभर खोलीत बसून जे करून गेलास त्याची गोष्ट सांगतो. परवा तेल्हाऱ्याहून एक माणूस आला. त्याच्या सुनेले बाळंतपणात रक्त लागलं होतं. आपलं कार्ड त्याच्या खिशात होतं. त्यानं वॉर्डातूनच ‘दाते’ उघडलं, तिसऱ्या नावाले फोन लावला अन् दाता अर्ध्या तासात हजर. हे सगळं झाल्यावर तो मले सांगायले आला. आधी मले काहीच माहीत नव्हतं. मी नसताना, मले न विचारता काम झालं, असं या मंडळात पहिल्यांदा झालं. तो वहीवर लिहीत होता अन् मी वाचत होतो, अन् माझे डोळे भरून आले. त्याले वाटलं, मी काही वाईट वाचलं.

नवे पत्ते छापलेली कार्डं केली आहेत. मूर्तिजापूरच्या सोयऱ्यांकडे पण पंचवीस देऊन आलो. अश्विनची आई सत्यवतीबाई तिथल्या विहारातल्या महिला मंडळात आहे. तिनं हौसेनं वाटून देतो म्हटलं.

तुझ्या आईनं तुले माझ्याकडे ठेवलं तेव्हा मले वाटलं होतं, मी बहिणीवर उपकार करून राहिलो. आता कळते की उपकार कोणावर होत होते.

मामी म्हणते, तू वाळून गेला आहेस. जेवत जाजो.

तुझा मामा,
देवमन


फ्रेजरपुरा, अमरावती
१ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तेल्हाऱ्याच्या माणसाची गोष्ट मी आमच्या लॅबमधल्या सगळ्यांना वाचून दाखवली. आम्ही रात्रंदिवस सर्व्हर सांभाळतो, पण त्याच्या पलीकडे माणूस असतो हे कधी दिसत नाही. तुम्ही दाखवलंत. आभार मी मानायला हवेत.

एक विचारू का? शालू सिकलसेलची वाहक आहे हे मूर्तिजापूरला तुम्ही सांगितलंच असेल. तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी तुमच्याच घरी होतो, म्हणून आठवलं. तिला स्वतःला त्रास काहीच नाही, पण नवराही वाहक निघाला तर लेकरांना धोका, म्हणून लग्नाआधी दोघांनी सांगायचं आणि तपासायचं, हे मी तुमच्या तोंडून शंभर घरांत ऐकलं आहे. अश्विनची चाचणी झाली का? झाली असेल तर लिहा, मला निश्चिंत वाटेल.

तुमचा,
धम्मदीप


खडकी, अकोला
११ सप्टेंबर २०२४

प्रिय धम्मदीप,
जयभीम.

घाईत लिहून राहिलो. मूर्तिजापूरच्या एका बाईनं मोबाइलवर ‘दाते’ लिहायच्या जागी ‘दाता’ लिहिलं अन् आपली नोंदवही उघडली. पासवर्ड काही विचारला नाही. नावं, गावं, निकाल, सगळं दिसलं. मी इथं करून पाहिलं, खरंच दिसते. दुसरा कोणताही चुकीचा शब्द लिहिला तरी तीच वही उघडते. आता खोलीतल्या कम्प्युटरची वायर काढून ठेवली आहे. काय झालं ते पाहून ताबडतोब बंद कर. बंद करायले बसशील तेव्हा मामीले फोन कर, मग वायर लावतो.

तू शालूचं विचारलं. त्याचं मी पाहतो.

देवमन


फ्रेजरपुरा, अमरावती
१४ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

मामींना फोन करून काल वायर लावून घेतली आणि इथूनच सगळं दुरुस्त केलं. आता चुकीचा शब्द लिहिला तर काहीच उघडत नाही, ‘पत्ता चुकला’ एवढंच येतं. पण चूक कुणाची होती ते मला लिहायलाच हवं. चूक माझीच होती.

त्या रविवारी तपासून पाहताना मी दारातल्या प्रोग्रामात सगळ्यात वर एक बिननावाचा रस्ता टाकला होता. ज्या शब्दाला कुठे जायचं ते ठरलेलं नाही, तो शब्द थेट नोंदवहीकडे जायचा. वही चालते की नाही हे पाहण्यापुरताच तो होता. नंतर ‘नोंद’ या नावाला मी कुलूप लावलं आणि वरचा रस्ता तसाच राहिला. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. गाडीची वेळ झाली होती, मामी डबा भरत होत्या, मी घाईने निघालो. ही सबब नाही, फक्त कसं झालं ते सांगतो.

कुठून-कुठून कोण येऊन गेलं याची नोंद प्रोग्राम ठेवतो. ती मी ओळ न् ओळ वाचली. ते दार एकूण एकतीस दिवस उघडं होतं. त्या काळात वही त्या रस्त्याने चारदा उघडली गेली. एकदा मी, दोनदा तुम्ही खोलीतून, आणि एकदा मूर्तिजापूरकडून, दहा सप्टेंबरला दुपारी. ती व्यक्ती सहा मिनिटं तिथे होती.

मामा, लोकांनी तुमच्या भरवशावर नावं दिली होती. त्या बाईंनी कुणाचं नाव वाचलं? कुणाच्या घरात त्यामुळे काही झालं का? मला नाव कळवा. मी स्वतः जाऊन पाया पडेन.

तुमचा,
धम्मदीप


फ्रेजरपुरा, अमरावती
२८ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

दोन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. मामींना फोन केला तर त्या म्हणाल्या, साक्षगंध सध्या पुढे ढकललं आहे, मामा लिहितील.

आता मला कळलं की मूर्तिजापूरच्या त्या बाई म्हणजे अश्विनच्या आई. त्यांनी शालूचं नाव वाचलं ना? जे तुम्ही नीट बसून, योग्य वेळ पाहून सांगणार होतात, ते त्यांना माझ्या चुकीने मोबाइलवर कळलं. तुम्ही मला रागावला असाल तर तो राग मला मान्य आहे. फक्त गप्प बसू नका. दसऱ्याच्या आधी मी येतो. मूर्तिजापूरला उतरून आधी त्यांच्या घरी जातो आणि सांगतो की दोष मामांचा नाही, माझा आहे.

शालूला काय तोंड दाखवू, कळत नाही.

धम्मदीप


खडकी, अकोला
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय धम्मदीप,
सप्रेम जयभीम.

मूर्तिजापूरला उतरू नको. आधी हे पत्र पूर्ण वाच.

अकरा तारखेले सकाळी सत्यवतीबाई आमच्या दारात उभी. एकटी. मामीनं पाणी दिलं, ते तिनं हातातच धरलं. मोबाइल पुढं केला. त्यात आपली नोंदवही उघडी होती. ती काही बोलून राहिली होती, पण मले ऐकू कुठं येते? वही-पेन मी तिच्या पुढं सरकवलं. पण ती लिहीपर्यंत मले दम निघाला नाही. मले वाटलं, शालूचं नाव वाचून आली. मी बोलायले लागलो.

म्हटलं, बाई, शालू वाहक आहे हे मले तेरा वर्षांपासून माहीत आहे. तुमच्याकडे चार वेळा आलो अन् चारही वेळा हेच सांगायचं ठरवून आलो होतो. पहिल्या वेळी पाहुणे होते, दुसऱ्या वेळी तुम्ही आजारी होत्या. तिसऱ्या वेळी कारणच नव्हतं. चौथ्या वेळी मी कार्डं देऊन आलो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून सांगत आलो की लपवू नका, अन् स्वतःच्या पोरीचं जमून राहिलं तर माझी जीभ उचलेना. सोयरीक मोडेल याचं भेव वाटलं. तुम्ही मले नावं ठेवा, पोरीले नका ठेवू.

हे सगळं बोलून झाल्यावर मी वहीकडे पाहिलं. तिनं एकच ओळ लिहिली होती:

‘माह्या पोराचं नाव तुमच्या वहीत काहून हाय? त्याले काय झालं?’

धम्मदीप, तिनं शालूचं नाव पाहिलंच नव्हतं. सहा मिनिटं ती फक्त अश्विनच्या ओळीकडे पाहत होती. सिकलसेलच्या वहीत पोराचं नाव दिसलं म्हणून ती घाबरून पहिल्या बसनं आली. पोराले विचारायची तिले हिंमत झाली नाही.

मी खोली उघडून कम्प्युटर लावला. अश्विनचं नाव वहीत आहे हे मलेही माहीत नव्हतं, कारण आता नावं मी लिहीत नाही, शिबिरातली पोरंपोरी लिहितात. ओळ निघाली. तारीख सतरा मार्च. तेव्हा तर आम्ही मोठ्यांनी हो पण म्हटलं नव्हतं. निकाल ‘AA’, म्हणजे सामान्य; ही लॅबची अक्षरं तिले कुठून कळणार? अन् मोबाइलच्या पडद्यावर न मावलेल्या शेवटच्या रकान्यात, सोबत कोण आलं तिथं: शालू.

शालू औषधाच्या दुकानात कामाले जाते, तिथून तिले बोलावून घेतलं. मामी अन् सत्यवतीबाई, दोघींच्या पुढं तिले विचारलं. तिनं वही घेतली अन् मले लिहून दिलं. दुसऱ्या भेटीतच तिनं अश्विनले सांगून टाकलं होतं. तो म्हणे, मग मी पण तपासतो. रविवारच्या शिबिरात रांगेत उभा राहिला. निकाल आल्यावर दोघांनी ठरवलं की मोठ्यांले मोठे सांगतील, ते बाबांचं काम आहे. ती सहा महिने वाट पाहत होती. शेवटी तिनं लिहिलं, ‘बाबा, तुमचं भाषण मी लहानपणापासून ऐकते. मले वाटलं होतं, तुम्ही सांगालच.’

सत्यवतीबाईनं ते वाचलं. मंग माझ्याकडे पाहून दुसरी ओळ लिहिली: ‘पोरीनं सांगतलं. तुमी नाई सांगतलं.’ अन् उठून गेली. पाणी तसंच राहिलं.

आता तुले कळलं असेल की त्याच दिवशी मी तुले ते घाईचं पत्र लिहिलं, त्यात हे काहीच का नव्हतं. तू चौदा तारखेले माफी मागितली. अठ्ठावीसले पुन्हा मागितली. मी दोन्ही पत्रं वाचली अन् गप्प राहिलो. तुझ्या चुकीच्या आड लपायले मले जागा सापडली होती. लोकांले वाटलं असतं, यंत्राच्या घोटाळ्यानं झालं. तुझा दोष तुझ्यापुरता होता. माझा दोष त्याच्या आधीचा आहे. तू मले माफ कर.

तुझी चूक लहान होती असंही मी म्हणत नाही. निघालं बरं म्हणून उघडं दार बरं होत नाही. मागच्या रविवारी मी मंडळाची बैठक बोलावली अन् एकतीस दिवस वही उघडी होती, हे उभं राहून सांगितलं. दोन घरांनी नावं खोडायले लावली. मी खोडली. बाकीच्यांनी लिहून दिलं, राहू द्या.

अन् परवा काय झालं ते ऐक. सत्यवतीबाई पुन्हा आली. अश्विन सोबत होता. या वेळी आधी पाणी प्याली. वही स्वतःच ओढून लिहिलं, ‘आमच्या विहारात शिबिर घ्या. बाया मी जमवतो.’ मी ते वाचतो तोवर तिनं खाली लिहिलं, ‘साक्षगंध वीसलेच.’

मी रडलो, हे मामी तुले सांगेलच. मी वीस वर्षं बोलत होतो तेव्हा घरातलं कोणी ऐकून राहिलं होतं, हे मले माहीत नव्हतं. पोरीचे पाय धरावे असं वाटलं. तिनं वहीत लिहिलं, बाबा, जेवून घ्या.

तुझा मामा,
देवमन


फ्रेजरपुरा, अमरावती
१३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही माझी माफी मागावी असं काही झालेलं नाही. पण तुम्ही मागितलीत, आणि मी ती नाकारली तर तुम्ही जे एवढं खरं लिहिलंत त्याचा मान राहणार नाही. म्हणून घेतो. माझी तुम्ही घ्या.

यापुढे दारातल्या प्रोग्रामात काही बदल करायचा असेल तर मी एकटा करणार नाही. कॉलेजातल्या भावना मॅडम सोबत बसतील, दुसऱ्या डोळ्यांनी तपासतील, मगच लागू होईल. मूर्तिजापूरच्या शिबिराचं पानही आम्ही दोघांनी मिळून लावलं आहे. उघडून पाहा.

शालूला फोन केला होता. मी माफी मागायला लागलो तर ती म्हणाली, धम्मदीपदादा, साक्षगंधाला लवकर ये, सामान आणायला माणूस कमी आहे. पुढे बोलूच दिलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या घरी राहत होतो तेव्हा तुम्ही मला दोनदा म्हणालात, चाचणी करून घे. दोन्ही वेळा मी सुईची भीती सांगून टाळलं. भीती सुईची नव्हती. निकालात काही निघालं तर आईला काय वाटेल, कोण मुलगी देईल, हे सोळाव्या वर्षी माझ्या डोक्यात होतं आणि तिसाव्या वर्षीही तसंच होतं. तुमच्या वहीला कुलूप लावणारा मी, त्या वहीत माझं नाव नव्हतं.

काल अशोक विजयादशमीला इथल्या विहारात चाचणीची रांग होती. मी पाऊण तास उभा राहिलो. निकाल आठवड्याने मिळेल. काहीही निघो, तुम्हाला कळवीन, आणि आईला मी स्वतः सांगेन.

रक्त काढणाऱ्या बाईंनी विचारलं, लग्न जमलंय का? मी म्हटलं, नाही. मग आजच का आलात, त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, मामांचं पत्र आलं म्हणून.

तुमचा,
धम्मदीप